तारीख, तिथी आणि चांदरात

गेली दोन वर्षं पाडवा आणि ईद अगदी लागून आले. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ ला. २०२५ साली तर पाडवा ३० मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी ईद. शेजारच्या काकूंकडचं श्रीखंड संपायच्या आत आमच्याकडचा शीरखुर्मा त्यांच्या घरी गेला. "काय योगायोग आहे बघा," काकू म्हणाल्या. मीही मान हलवली. पण २०२६ चं कॅलेंडर स्वतः बनवायला बसलो तेव्हा दिसलं की यंदाही पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद बहुधा २१ ला. तीन वर्षं ओळीनं होतो तो योगायोग नसतो, त्यामागे हिशेब असतो. तो हिशेब शोधता शोधता मी कुठल्या कुठे गेलो, ते इथे लिहून ठेवतो.

कॅलेंडर घरी बनवायचं कारण अम्मी. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत आणि बाजारातल्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं तिला लागत नाहीत. तिला हवं असतं ते थोडकंच: मोठा आकडा, खाली हिजरी तारीख, आणि पोळा, मारबत, गणपती कधी तेवढं. नागपुरात जन्म गेलेल्या बाईला रमजान जितका लागतो तितकाच पोळा लागतो, यात मला तरी काही विशेष वाटत नाही. शिवाय २०२६ मध्ये अम्मी ऐंशीची होईल, असं आम्ही मानतो. 'मानतो' म्हणायचं कारण असं की तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९४४ लिहिलंय. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचे वाढदिवस १ जूनला नाहीतर १ जुलैला येतात. ती आईबापांची नव्हे, गुरुजींची करामत. आपा म्हणाली, कॅलेंडर घरचंच करतोयस तर त्यात अम्मीचा खरा जन्मदिवस टाक.

खरा म्हणजे कुठला? नानी सांगायची तेवढंच आमच्या हातात होतं. आझादीच्या आधी एक-दोन वर्षं. पोळा होऊन गेला होता, मारबत निघून गेली होती, रमजान संपत आला होता. चांदरात होती. आणि जुमेरात होती.

तारीख नाही, साल नाही. पण हे चार धागे पुरे पडतील असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आधी सॉफ्टवेअरचं सांगतो, कारण मला अनेकांनी तेच विचारलंय. छापण्याजोगं कॅलेंडर बनवायला पैसे टाकायची गरज नाही. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे आणि त्यावरून तिकडे बरेच वाद झाले. आपल्याकडे शब्द दोन आहेत, त्यामुळे सरळ म्हणता येतं की ही सॉफ्टवेअर फुकटही आहेत आणि मुक्तही. त्यांची आतली लिहावट कुणीही वाचावी, बदलावी. युनिक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, १९७१ साली, 'कॅल' नावाची एक छोटी आज्ञा होती. ती आजही लिनक्सवर चालते. तिला सप्टेंबर १७५२ दाखवायला सांगा, म्हणजे २ तारखेनंतर एकदम १४ तारीख येते. ब्रिटिशांनी त्या वर्षी जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडलं आणि अकरा दिवस गाळले, ते भोक या प्रोग्रॅमनं जसंच्या तसं ठेवलंय. इनकस्केपमध्ये 'कॅलेंडर' नावाची सोय आहे, महिन्यांची आणि वारांची नावं मराठीत लिहून द्या, बारा महिन्यांचे चौकोन आखून मिळतात. स्क्रायबसमध्ये बारा पानं एका फटक्यात करून देणारी स्क्रिप्ट आहे. मी शेवटी स्क्रायबसच वापरलं, नावं हातानं घातली, अक्षर 'मुक्त' नावाच्या फॉन्टचं घेतलं. तेही मुक्तच आहे.

पण या सगळ्यांना कळतं ते एकच कॅलेंडर, जानेवारी ते डिसेंबरवालं. चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात १४४७ हिजरी कुठून आणायचं?

ते मला ईमॅक्समध्ये सापडलं. ईमॅक्स हा खरं तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा संपादक, रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पातला, १९८५ पासूनचा. त्यात एडवर्ड राइनगोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी कॅलेंडर घातलंय. कुठल्याही तारखेवर जाऊन विचारा, ते तिची हिजरी तारीख सांगतं, ज्यूंची सांगतं, माया लोकांची सांगतं, फ्रेंच राज्यक्रांतीवाल्यांनी काढलेली आणि टाकून दिलेलीही सांगतं. राइनगोल्ड आणि नाखुम डर्शोविट्झ या दोघांनी १९९० साली यावर एक लेख लिहिला आणि १९९७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे. एका कॅलेंडरवरून दुसऱ्यावर थेट उडी मारायची नाही. कुठल्याही तारखेचा आधी नुसता दिवसांचा आकडा करायचा, अमुक एका दिवसापासून किती दिवस झाले तो. आणि मग त्या आकड्यावरून हवी ती तारीख काढायची.

हे वाचलं आणि मला हसू आलं. आपल्या ज्योतिषात याला अहर्गण म्हणतात. पंचांग करणारा माणूस पहिलं काम करतो ते अहर्गण काढायचं. फार मागचा आरंभ हवा असेल तर कलियुगाचा, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीपासून. संगणकाच्या माणसांना जे विसाव्या शतकात सुचलं ते आपल्या करणग्रंथांत दीडएक हजार वर्षं पडून आहे. राइनगोल्ड-डर्शोविट्झ यांना हे माहीत होतं. पुढच्या कामात त्यांनी जुन्या भारतीय गणिताचीही सूत्रं दिली आहेत.

आणि इथेच नागपूर आलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारनं पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. देशात तेव्हा तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगं चालू होती. समितीचे अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. सभासदांत पुण्याचे ज. स. करंदीकर होते, 'केसरी'चे माजी संपादक. आणि आमच्या नागपूरचे विद्वद्रत्न के. ल. दप्तरी होते. दप्तरींनी 'करणकल्पलता' हा ग्रंथ लिहिला होता, म्हणजे ज्याला आज आपण कॅलेंडर बनवायचं सॉफ्टवेअर म्हणू तेच, फक्त संस्कृतात. त्यांचं आडनाव मात्र आमच्या बाजूचं. दफ्तर हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला, आणि कागद सांभाळणारा तो दप्तरी. समितीचा अहवाल १९५५ चा. त्यातून आलेलं राष्ट्रीय कॅलेंडर २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला सुरू झालं. ते बघायला साहा नव्हते, फेब्रुवारी १९५६ मध्ये ते वारले होते. आकाशवाणीच्या बातम्यांत आणि सरकारी राजपत्रात ते कॅलेंडर अजून आहे. घरात कुणी वापरताना मी पाहिलं नाही. सौर चैत्रात पाडवा येतोच असं नाही, आणि पाडव्यावाचून चैत्र कुणाला हवा?

आता तो तीन वर्षांचा हिशेब.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा केले की ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. मराठी पंचांग हे अकरा दिवस साठवून ठेवतं आणि महिनाभर साठले की अधिकमास टाकून मोकळं होतं. एकोणीस वर्षांत सात वेळा. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. हिजरी सनात तसं काही नाही. इस्लामपूर्व अरबांत महिने मागेपुढे सरकवायची चाल होती, त्याला नसी म्हणत. कुठल्या महिन्यात युद्ध निषिद्ध हे सोयीनं ठरवायला ती उपयोगी पडे. कुरआननं सुरह तौबामध्ये ती बंद केली आणि महिने बाराच ठरले. पुढे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, हिजरतीनंतर सतराव्या वर्षी, सन मोजायला सुरुवात झाली. परंपरेत सांगतात ते असं की कर्जाचा एक कागद समोर आला, त्यावर 'शाबान' एवढंच लिहिलं होतं. उमरनी विचारलं, कुठला शाबान? यंदाचा की पुढचा? नानीच्या बाबतीत माझी अडचण हीच होती.

तर दोन्ही पंचांगं चंद्राचीच. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिजरी महिना त्यानंतर एक-दोन दिवसांनी चांद दिसला की सुरू होतो. म्हणजे अमावास्येला हिजरी तारीख नेहमी अठ्ठावीस, एकोणतीस किंवा तीस. पोळा श्रावणी अमावास्येचा. तेव्हा कुठल्याही वर्षी, कुठल्याही शतकात, पोळ्याला हिजरी महिना संपत आलेलाच असतो. महिना कुठला, एवढंच बदलतं. आणि तेही दरवर्षी बदलत नाही. एकदा श्रावण आणि रमजान जोडीला आले की मध्ये अधिकमास येईपर्यंत जोडीनंच चालतात. अधिकमास आला की मराठी महिना एक पाऊल मागे राहतो आणि जोडी मोडते. २०२३ मध्ये अधिक श्रावण झाला, त्यानंतर फाल्गुन आणि रमजान यांची जोडी जमली. २०२६ च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे. तिथे ती मोडेल, आणि २०२७ मध्ये ईद पाडव्याच्या जवळजवळ महिनाभर आधी येईल. काकूंना सांगायला हवं.

आठवत असेल, २०१० साली ११ सप्टेंबरला ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी होत्या. २०११ मध्ये ईद ३१ ऑगस्टला आणि दुसऱ्या दिवशी गणपती. २०१२ मध्ये पोळा १७ ऑगस्टला, ईद २० ला, पण मध्ये अधिक भाद्रपद आल्यामुळे गणपती थेट १९ सप्टेंबरला. तेव्हाचे पोलीस बंदोबस्त आणि शांतता समितीच्या बैठका मला आठवतात. दोन धर्मांचे सण एकत्र आले की आपल्याकडे पहिली बैठक पोलीस ठाण्यात होते, हे मात्र कुठल्या पंचांगात लिहिलेलं नसतं. ते सण त्या वर्षी शांततेत पार पडले.

या दोन पंचांगांची गाठ मराठीनं एकदा फार सुंदर मारली होती. ती गोष्ट आपल्या शाळांत शिकवत नाहीत म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

हिजरी सन शेतसाऱ्याला निरुपयोगी. पीक सूर्यावर येतं आणि सन चंद्रावर चालतो; तेहतीस हिजरी वर्षांत पिकं बत्तीसच. तेव्हा दख्खनमध्ये एक वेगळाच सन सुरू झाला, शुहूर सन. शुहूर म्हणजे अरबीत महिने. काही जण त्याला अरबी सनही म्हणतात. मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ साली हिजरी ७४५ चालू होतं. तो आकडा तसाच घेतला आणि तिथून पुढे वर्ष सूर्याचं केलं. वर्षाचा आरंभ कुठे धरला? मृगाला. सूर्य मृग नक्षत्रात जातो तिथे, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस आणि पेरणी यांच्या तोंडावर. अरबी नावाचं वर्ष, आणि सुरुवात शेतकऱ्याच्या मृगापासून. बहामनी, आदिलशाही, निजामशाही असं करत तो सन मराठ्यांच्या दफ्तरात आला आणि पेशवाई संपेपर्यंत राहिला.

त्यातलं खरं नवल आकड्यांचं. हे साल आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत लिहायचे, आणि तेही मराठी उच्चारात. एक म्हणजे इहिदे, दोन इसन्ने, तीन सलास, चार अर्बा, पाच खमस. साठ म्हणजे सितैन, शंभर मया, हजार अलफ. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. त्या वर्षीच्या मराठी कागदांवर साल असतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, अकराशे एकसष्ट. मोडीत, बोरूनं, एखाद्या देशस्थ किंवा प्रभू कारकुनानं लिहिलेलं. तारखेच्या आधी 'छ' असं एकच अक्षर असतं. छ म्हणजे चंद्र. छ अमुक रज्जब, छ तमुक साबान. म्हणजे दिवस चंद्राचा, महिना हिजरी, साल मृगाचं, आणि लेखक मराठा राज्याचा नोकर. त्याच दिवशी पंचांगात शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी होती आणि हिजरी सन ११७४ होता. १३४४ ला एकत्र निघालेले दोन सन चार शतकांत तेरा वर्षांनी फाकले होते. हे अंतर म्हणजेच ते साठत गेलेले अकरा-अकरा दिवस.

महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, आणि तो करणं योग्यच होतं. राजा आपला सन चालवतो. पण त्याबरोबर शुहूर सनही कागदांवर चालू राहिला. कारकुनाला पत्र वेळेवर पोचवायचं असतं आणि ते वाचणाऱ्याला कळायला हवं असतं. मला कुणी विचारतं की तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, तेव्हा मी वाद घालत नाही. मराठीत 'तारीख' हा शब्द आहे, 'सन' आहे, 'साल' आहे, 'महिना' आहे. अरबीत आणि उर्दूत तारीख म्हणजे इतिहाससुद्धा. मी हे शब्द कुठून आणले नाहीत, ते इथेच होते.

इतिहास संशोधकांना असे कागद वाचताना जुळवणीची कोष्टकं लागतात, त्यांना जंत्री म्हणतात. मोडकांची जंत्री, खरे जंत्री. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ मध्ये केलेलं इंग्रजी पुस्तकही त्याच कामाचं, त्यातही हिजरीची कोष्टकं आहेत. आमच्या घरी जंत्री म्हणजे खिळ्याला लटकवलेली उर्दू पुस्तिका असायची, चंद्राच्या तारखा, नमाजच्या वेळा आणि स्वप्नांचे अर्थ सांगणारी. तिच्या शेजारच्या खिळ्याला कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ ला ते सुरू केलं आणि पंचांग भटजींच्या पिशवीतून भिंतीवर आलं. त्यात रमजान ईद असायची, नाताळ असायचा, पतेती असायची. मागच्या पानावरच्या पाककृती अम्मी कापून ठेवत असे.

छापील पंचांगालाही आधी विरोध झाला होता, हे आज खरं वाटत नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून लोक ते हातात घेईनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. आमच्याकडे लाऊडस्पीकरवरून चांद जाहीर करावा की नाही यावर झालेली भांडणं मी ऐकलीत. तो जिन्नसही तसाच. रोममध्ये तर महिन्याचा चंद्र पुरोहितच ओरडून जाहीर करायचा, आणि त्या पुकारण्यावरून पहिल्या दिवसाला कलेंडी म्हणत. कॅलेंडर शब्द तिथून आला. म्हणजे मुळात तेही चांदरातीचंच कॅलेंडर.

नागपूर हे तर कॅलेंडरांचं गावच. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, १७०२ साली. ताजुद्दीन बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला गेले, पण ताजबागचा उर्स १७ ऑगस्टला नसतो, मोहरमच्या २६ तारखेला असतो. कधी पावसात, कधी थंडीत, कधी मेच्या उन्हात. २०२५ मध्ये तो जुलैत आला. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या दिवशी विजयादशमी होती. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो तो दसऱ्याला, तिथीनं. आणि १४ ऑक्टोबरलाही माणसं येतात, तारखेनं. दोन्ही बरोबर. मी माझ्या कॅलेंडरात दोन्ही घातले.

आता अम्मी.

पोळ्यानंतर दोनेक दिवसांनी रमजान ईद, म्हणजे श्रावण आणि रमजानची जोडी. २०१० ते २०१२ मध्ये ती होती. त्याआधी १९७८ च्या सुमाराला. पण तेव्हा अम्मीला मुलं झाली होती. त्याच्या मागची पाळी येते १९४५ आणि १९४६ ला. १९४४ मध्ये ईद पोळ्यानंतर महिन्यानं होती. १९४७ मध्ये अधिक श्रावण आला. ईद १८ ऑगस्टला झाली आणि पोळा त्यानंतर जवळजवळ महिन्यानं, सप्टेंबरात. तेव्हा दोनच वर्षं उरली.

इथे ईमॅक्सची मर्यादा सांगायला हवी. त्याचं हिजरी कॅलेंडर गणिती आहे: तीस वर्षांचं चक्र, त्यात अकरा वर्षांना एक दिवस जास्त, एकूण १०,६३१ दिवस. सरासरी इतकी चांगली की अडीचएक हजार वर्षांत एखाद्या दिवसाची चूक. पण सरासरीनं ईद होत नाही. चांद दिसावा लागतो, आणि तो सौदीत दिसला म्हणून मोमिनपुऱ्यात दिसला असं होत नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरला हिलाल कमिटी रात्री काय म्हणेल ते सांगता येत नाही, आणि मला वाटतं ते तसंच असावं. म्हणून मी स्टेलॅरियम उघडलं. हेही मुक्त सॉफ्टवेअर. हव्या त्या गावाचं, हव्या त्या क्षणाचं आकाश पडद्यावर दाखवतं. गाव नागपूर. १९४५ ची अमावास्या ६ सप्टेंबरला, गुरुवारी. चांद शुक्रवारी संध्याकाळी दिसला तर दिसला, नाहीतर शनिवारी नक्की. जुमेरातीला नाहीच. १९४५ बाद.

१९४६. पोळा २६ ऑगस्टला, सोमवारी. मारबत मंगळवारी. मी बुधवार २८ ऑगस्ट लावला आणि वेळ सूर्यास्तानंतरची. पश्चिमेला शुक्र होता आणि क्षितिजावर बारीक, पण स्वच्छ कोर. साधारण चाळीस तासांची. ती दिसायला कसली अडचण नव्हती. मी बराच वेळ ते चित्र बघत बसलो. इतवारीकडून मारबती कालच जळून गेलेल्या, कुठल्यातरी गच्चीवर माणसं बोट करून दाखवतायत, आणि खाली एका खोलीत नानी.

पण बुधवार का? नानी जुमेरात म्हणायची. तर आमच्याकडे दिवस मगरिबला बदलतो. बुधवारी सूर्य बुडाला की जुमेरात लागली. हे जुळलं म्हणून मी आपाला फोन केला. तिनं माझ्या आनंदावर पाणी टाकलं. ती म्हणाली, जुमेरात म्हणजे जुम्म्याची रात, जुम्म्याच्या आदली रात. ती गुरुवारची संध्याकाळ झाली, बुधवारची नव्हे. आणि ऑगस्ट महिना होता. ढग असतील तर? बुधवारी एकोणतिसावा रोजा असेल आणि ढगांमुळे चांद दिसला नसेल, तर तीस पूर्ण करून गुरुवारी चांदरात, शुक्रवारी ईद.

आपा उर्दू शाळेत शिकवायची, तिच्याशी शब्दांवर वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणजे २८ ऑगस्ट १९४६ किंवा २९ ऑगस्ट १९४६. साल नक्की, महिना नक्की, आणि एक रात्र ढगांवर. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा अम्मी दोन वर्षांनी लहान निघाली. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मी नोकरीत असते तर दोन वर्षं आधीच घरी बसवली असती. हिजरीनं मोजलं तर मात्र येत्या ईदला ती ब्याऐंशीची होते, कारण १३६५ ची शव्वाल आणि १४४७ ची शव्वाल. ते मी तिला सांगितलं नाही.

छपाईला दिलं तेव्हा आणखी एक गंमत झाली. छापखान्यातल्या संगणकावर अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट. माझा मजकूर तिथे चिकटवला की 'ज्येष्ठ'चं भलतंच काहीतरी व्हायचं. शेवटी फॉन्ट आत बसवून पीडीएफ नेलं तेव्हा नीट आलं. कुणाला करायचं असेल तर पहिल्यापासून तसंच करा.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला. ऑगस्टच्या पानावर २८ ला चांद काढलाय आणि २९ लाही काढलाय, भाऊ, एक चुकून आलाय, काढून टाकू का?

राहू द्या म्हटलं.

कॅलेंडर आता अम्मीच्या खोलीत, खिडकीच्या बाजूला आहे. तिनं चष्मा न लावता जानेवारीचे आकडे वाचून दाखवले. मग ऑगस्टचं पान काढायला लावलं, दोन्ही चांद बोटानं चाचपले आणि विचारलं, "यात मारबत कुठंय?"

यंदा अधिकमास आहे, पोळा सप्टेंबरात गेलाय, मी सांगितलं. तिनं पान उलटलं.